आस्तरण

आस्तरण : निजण्याच्या कठीण पृष्ठभागावर तो सुखावह व्हावा म्हणून अंथरण्यात येणारा मऊ थर. जमीन, फळी, विणलेली खाट किंवा मूळची टणक गादी यांपैकी आधार कोणताही असला, तरी शरीराचा भार पेलणे हे त्याचे काम असते. त्या आधाराचा कठीणपणा अंगाला लागू न देणे, हे आस्तरणाचे काम होय. संस्कृत ‘स्तृ’ (पसरणे) या धातूपासून हा शब्द बनला असून मराठीतील ‘अंथरणे’ व ‘अंथरूण’ हे शब्द त्याच्याशीच संबंधित आहेत. टणक गादीवर घालण्याच्या अशा जाड थरास आजच्या बाजारात ‘टॉपर’ म्हणतात. नाव नवे असले, तरी कल्पना फार जुनी आहे. उलट भार पेलणारा आणि मऊपणा देणारा असे दोन्ही थर एकाच गादीत एकजीव करण्याची पद्धत हीच अलीकडची, म्हणजे मुख्यतः विसाव्या शतकातील होय.

शय्येचा इतिहास बहुधा पलंगाच्या लाकडाचा आणि कोरीव कामाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कारण लाकूड टिकते, कापूस, पिसे आणि गवत टिकत नाहीत. अंगाला प्रत्यक्ष लागतो तो मात्र वरचा थर. तो कशाचा असावा, किती जाड असावा आणि मुख्य म्हणजे कोणाला मिळावा, याविषयी धर्मशास्त्र, वैद्यक व शिक्षणविचार या तिन्ही क्षेत्रांत पूर्वीपासून मते मांडली गेली आहेत. कठीण शय्या सद्गुणाची आणि मऊ शय्या दुर्बलतेची, ही समजूत त्या मतांमागे वारंवार आढळते.

मनुष्य पाठीवर निजला असता डोक्याची मागील बाजू, खांद्यांची पाती, त्रिकास्थी व टाचा, आणि कुशीवर निजला असता खांदा व मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा अशा थोड्या जागांवर भार एकवटतो. आधार कठीण असेल, तर या जागी दाब वाढतो व कमरेखाली पोकळी राहते. आधार फार मऊ असेल, तर शरीराचा जड मध्यभाग खोल रुतून पाठीच्या कण्यास बाक येतो आणि कूस बदलणेही अवघड होते. आस्तरणाची निवड म्हणजे या दोन दोषांमधील मध्य शोधणे होय. हा मध्य निजणाऱ्याचे वजन, निजण्याची ढब आणि खालच्या आधाराचा प्रकार यांप्रमाणे बदलतो. म्हणून सर्वांना सारखेच आस्तरण सुचविता येत नाही.

प्राचीनतम अवशेष : आस्तरणाचे सर्वांत जुने पुरावे दक्षिण आफ्रिकेतील गुहांत मिळाले आहेत. बॉर्डर केव्ह या गुहेत सु. २ लाख वर्षांपूर्वी राखेच्या थरावर गवत अंथरले जात असे, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. सिबुडू येथील सु. ७७ हजार वर्षांपूर्वीच्या अंथरुणात लव्हाळ्यांचा जाड थर खाली आणि दालचिनीच्या कुलातील एका वृक्षाची पाने वर अशी रचना आढळली. ही पाने कीटकांना पळवून लावणारी आहेत. म्हणजे वरचा थर निराळ्या द्रव्याचा व निराळ्या हेतूने घालावयाचा, हा विचार मनुष्याने शेती, वस्त्र वा खाट यांच्या कितीतरी आधी केला होता.

ईजिप्तमध्ये चौथ्या राजवंशातील हेतेफेरेस राणीची (इ. स. पू. सु. २६००) शय्या उपलब्ध आहे. अशा शय्यांचा तळ दोरीने किंवा चामड्याच्या वाद्यांनी विणलेला असे व त्यावर तागाच्या कापडाच्या घड्या पसरीत. उशीऐवजी मात्र लाकडाचा अथवा दगडाचा मानाधार वापरीत. रोमन काळात भरणाच्या द्रव्याला बाजारभाव आला. थोरल्या प्लिनीने (२३–७९) जर्मानियातील पांढऱ्या हंसकांच्या पिसांचा दर पौंडास पाच दिनार असल्याचे नोंदविले असून ही पिसे मिळविण्यासाठी सीमेवरील अधिकारी पहाऱ्यावरची पथकेच्या पथके शिकारीस धाडीत, अशी तक्रार केली आहे. पुरुषांच्या मानेलाही आता पिसांवाचून करमत नाही, असा टोमणाही तो मारतो. गॉलमधील काद्युर्की लोकांच्या गाद्या प्रसिद्ध होत्या, हेही त्याच्याच ग्रंथावरून कळते.

प्राचीन भारत : ऋग्वेदात तल्प, प्रोष्ठ व वह्य अशी शयनसाधनांची नावे येतात. अथर्ववेदाच्या व्रात्यकांडात व्रात्यासाठी आणलेल्या आसंदीचे वर्णन असून तीत पाय, आडव्या-उभ्या पट्ट्या आणि विणीचे तंतू यांच्या जोडीने ‘आस्तरण’ व ‘उपबर्हण’ (उशी) यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कौषीतकी उपनिषदात ब्रह्मलोकीच्या पर्यंकाचे वर्णन करताना उपस्तरण, वरचे आच्छादन व उशी असे थर वेगवेगळे सांगितले आहेत. दोन्ही ठिकाणी वर्णन रूपकात्मक आहे. परंतु रूपक ज्यावर रचले ती वस्तू श्रोत्यांच्या परिचयाची असणार, हे उघड आहे. चौकट, तिच्यावरील वीण आणि विणीवरील मऊ थर ही भारतीय शय्येची तीन अंगे तेव्हापासूनच स्थिर झालेली दिसतात.

मऊपणाची मर्यादा कोठे आखावी, याचा सर्वांत बारकाईने विचार बौद्ध विनयग्रंथांत आढळतो. भिक्षूंना उंच व मोठी शय्या वर्ज्य होती. खाट किंवा बैठक यांवर कापूस भरून ती मढविणे हा ‘पाचित्तिय’ वर्गातील अपराध मानला असून तो कापूस काढून टाकल्यावरच भिक्षूने दोषाची कबुली द्यावयाची असे. मात्र विनयाने भिक्षूंना उघड्या फळीवर निजावयास लावलेले नाही. लोकर, कापड, झाडाची साल, गवत किंवा पाने यांनी भरलेली पाच प्रकारची ‘भिसि’ (गादी) त्यांना वापरता येई आणि उशीत तर वृक्ष, वेली व गवत यांपासून मिळणारा कापूसही चालत असे. थोडक्यात, कापूस डोक्याखाली चाले, अंगाखाली चालत नसे. या नियमांमागे देहदंडाची हौस दिसत नाही. भिक्षूची राहणी गृहस्थासारखी दिसू नये, एवढाच त्यांचा रोख आहे. शरीराची गरज आणि चैन यांमधील रेषा इतकी बारीक आखणारे दुसरे प्राचीन नियम क्वचितच असतील.

वैदिक परंपरेत ब्रह्मचाऱ्याला ‘अधःशय्या’, म्हणजे जमिनीवर निजणे, विहित होते. याउलट कामसूत्रात नागरकाची शय्या मऊ, मध्ये किंचित खोलगट, दोन्ही बाजूंस उश्या असलेली व शुभ्र चादरीने झाकलेली असावी, असे सांगितले आहे. मध्ये खोलगट शय्या आज दोष मानली जाते. त्या काळी ते ऐश्वर्याचे लक्षण होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथातही राजाच्या उपभोगांत शय्येला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

आयुर्वेदाची भूमिका या दोन टोकांपेक्षा व्यवहारी आहे. चरकसंहितेत निद्रा आणणाऱ्या गोष्टींत ‘स्वास्तीर्ण शयन’, म्हणजे नीट अंथरलेली शय्या, गणली आहे. सुश्रुतसंहितेत मात्र मांडी वा नडगी यांचे हाड मोडले असता रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांच्या साहाय्याने अवयव स्थिर ठेवण्याची पद्धत (कपाटशयन) वर्णिली आहे. निरोग्याला मऊ आस्तरण आणि अस्थिभंगाच्या रुग्णाला कठीण फळी, असा हा विवेक होता. पुढे कठीण शय्या ही सरसकट सर्वांच्या पाठीचे औषध ठरली, तेव्हा तो हरवला.

आस्तरण आणि सामाजिक दर्जा : मऊ थर कोणाच्या वाट्यास येई, हे घरातील स्थानावर अवलंबून होते. विधवेने पर्यंकावर निजल्यास तिचा पती अधोगतीस जातो, असे स्कंदपुराणाच्या काशीखंडात म्हटले असून स्त्रियांना गादी नाकारण्यास अशा वचनांचा आधार घेतला गेला. महाराष्ट्रातील पांढरपेशा कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही काही काळ विधवेला घोंगडी अथवा चटईच मिळे. सुतकात व विटाळातही गादी वर्ज्य असून घोंगडी देण्यात येई; लोकरीला विटाळ होत नाही, ही समजूत त्यामागे होती. थंडीच्या दिवसांत थंडगार फरशीवर एका घोंगडीवर काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणत्याही धर्मग्रंथात नाही. याच समाजात बाळंतिणीला मात्र आवर्जून बाज मिळे आणि तिच्याखाली शेगडी ठेवून शेक दिला जाई. इंग्लंडमध्येही अशीच समजूत होती. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये लिहिलेल्या वर्णनानुसार वृद्ध मंडळी आपल्या तरुणपणाची आठवण सांगत, की त्या वेळी गवताच्या अंथरुणावर निजून डोक्याखाली लाकडाचा ओंडका घेत आणि उशी ही केवळ बाळंतिणीलाच योग्य समजत. लग्नानंतर सात वर्षांत ज्याला लोकरीच्या चिंध्यांची गादी व कोंड्याची उशी घेता येई, तो स्वतःला सुखवस्तू मानीत असे.

मराठीत ‘गादी’ हा शब्द राजपदाचा, मठाधिपत्याचा व पेढीचाही वाचक बनला, तो याच कारणाने. सातारची व कोल्हापूरची गादी म्हणताना कापसाची आठवण कोणाला होत नाही. परंतु इतरांपेक्षा मऊ व उंच आसनावर बसण्याचा अधिकार हाच त्या शब्दाचा गाभा आहे.

सामान्य शेतकरी व कष्टकरी कुटुंबाचे आस्तरण म्हणजे घोंगडी आणि गोधडी. जुनी लुगडी, धोतरे व चिरगुटे यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी (वाकळ) चटईवर, गोणपाटावर किंवा बाजेवर अंथरीत, पांघरण्यासही तीच. जाडी फार नसली, तरी धुऊन वापरलेल्या सुती कापडाचा मऊपणा तिच्यात असे आणि झिजल्यावर वर नवा थर शिवून तिचे आयुष्य वाढविता येई. ग्रंथांत गोधडीला जागा मिळाली नाही. प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच निजले आहेत.

मध्ययुगीन वर्णन : भारतीय शय्येचे सर्वांत नेमके वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता (१३०४–१३६८/६९) याने केले आहे. तो १३३३ मध्ये भारतात आला. येथील खाट एका माणसाला उचलता येईल इतकी हलकी असून प्रवासी ती बरोबर नेतो. चार निमुळते पाय व चार आडवी लाकडे यांवर रेशमी किंवा सुती दोऱ्या विणलेल्या असतात. ही वीण स्वतःच लवचिक असल्याने लवचिकपणासाठी दुसरे काही लागत नाही, असे तो म्हणतो. खाटेबरोबर दोन गाद्या, दोन उश्या व एक पांघरूण नेत आणि त्यांना सुती वा तागाच्या खोळी घालीत. खोळ मळली की ती धुवावयाची, आतील वस्तू स्वच्छच राहते, हे त्याला विशेष वाटले. काढून धुता येणारा अभ्रा ही आज किरकोळ गोष्ट वाटते. त्याने ती मुद्दाम नोंदविली, यावरून ती त्याला नवीन होती असे दिसते. रेल्वेच्या काळात वळकटी आणि होल्डॉल यांनी हीच प्रथा पुढे चालविली.

यूरोपात शय्येखाली वीण नसून बहुधा फळ्या असत. त्यामुळे थरांची संख्या वाढली. तळाशी गवताची, तिच्यावर लोकरीची अथवा घोड्याच्या केसांची व सर्वांत वर पिसांची गादी, अशी सुखवस्तू घरातील रचना होती. ‘मॅट्रेस’ हा शब्द मूळ अरबी ‘मत्रह’ (जेथे काही टाकले जाते ती जागा) यावरून इटालियनमार्गे आला असून जमिनीवर गाद्या व उश्या टाकून बसण्याची पूर्वेकडील पद्धत त्यात सूचित होते. पिसांच्या गादीवर आक्षेपही आले. जॉन लॉक याने १६९३ मध्ये मुलांचे अंथरूण कठीण असावे, पिसांचे नसावे, असा सल्ला दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णासाठी लोखंडी खाट व तिच्यावर केसांची पातळ गादी यांचा पुरस्कार केला. लॉकचा आक्षेप शीलाचा होता, नाइटिंगेलचा आरोग्याचा. गादीत साठणारी ओल आणि तिच्यातून न खेळणारी हवा हे तिचे मुख्य कारण होते व ते आजही विचारात घ्यावे लागते. जपानमध्ये तातामी चटईवर घालावयाची सुती ‘शिकिबुतोन’ ही रोज घडी करून ठेवण्याची गादी कापसाच्या प्रसारानंतर रूढ झाली.

कापसाची गादी व पिंजारी : भारतात आस्तरणाचे मुख्य द्रव्य कापूस. आखूड, जाडसर व ताठ तंतूच्या देशी जाती सूतकताईस कमी प्रतीच्या मानल्या जातात; भरणासाठी मात्र त्या उत्तम, कारण त्यांचा तंतू दाबल्यावर पुन्हा उभा राहतो. सावरीचा कापूस कातता येत नाही. पण तो अतिशय हलका, पोकळ तंतूचा व पाणी न शोषणारा असल्याने उश्या व पातळ गाद्या यांत वापरतात. त्याचा तंतू ठिसूळ असून कालांतराने त्याचा भुगा होतो. एका माणसाच्या गादीस साधारणतः ८ ते १२ किग्रॅ. कापूस लागतो.

कापूस भरण्यापूर्वी तो पिंजावा लागतो. पिंजाऱ्याचे साधन म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिला जनावराच्या आतड्याची तात ताणून बसविलेली असते. कापसाच्या ढिगात तात धरून तिच्यावर लाकडी ठोका मारला, की तिच्या कंपनाने गुठळ्या सुटतात, धूळ व सरकीचे तुकडे खाली पडतात आणि कापूस फुलून कित्येक पट जागा व्यापतो. मग तो खोळीत सारखा पसरून काठीने बसवितात व दाभणाने आरपार टाके घालतात. टाके कमी पडले तर कापूस एका बाजूस सरकतो आणि फार घट्ट पडले तर गादी कडक होते. कारागिराची परीक्षा येथे होते. वापराने दोनतीन वर्षांत कापूस दबून त्याच्या गाठी बनतात. ओल धरल्यास हे लवकर घडते. म्हणून गादीला वरचेवर ऊन देणे आणि काही वर्षांनी ती उसवून तोच कापूस पुन्हा पिंजणे ही घरोघरची रीत होती. पावसाळा संपला, की तातीचा टणत्कार करीत पिंजारी गल्लीत येत, अंगणात गादी उसवीत व संध्याकाळपर्यंत ती भरून देत.

पिंजारी हे महाराष्ट्रात बहुतांशी मुसलमान असून नदाफ, मन्सूरी या नावांनीही ते ओळखले जातात. संतपरंपरेत दादू दयाळ (१५४४–१६०३) हे पिंजारी होते, असे परंपरा सांगते. श्वासावाटे जाणारी कापसाची धूळ हा या धंद्याचा धोका होय. विजेवर चालणाऱ्या दातेरी रुळांच्या पिंजणयंत्राने गावोगावची कमान जवळजवळ संपविली. रबर व फेसद्रव्याच्या गाद्यांनी नव्या गिऱ्हाइकाचा ओघच तोडला. फेसाची गादी दबली, की ती टाकून द्यावी लागते. कापसाची गादी पुन्हा भरता येई, आणि या दुरुस्तीवर एका समाजाचे पोट चालत होते (⟶ कापूस).

आधारातील बदल : सुंभाच्या अथवा नवारीच्या खाटेला मुळातच झोळ असतो व पायथ्याची दोरी ताणून तो कमीजास्त करता येतो. अशा खाटेवर पातळ गोधडीही पुरे. विसाव्या शतकात शहरी घरांत लोखंडी पट्ट्यांची कॉट, दिवाण व नंतर खाली सामान ठेवण्याची सोय असलेला प्लायवुडचा पलंग आला. आधारातील लवचिकपणा त्यामुळे नाहीसा झाला. गादी मात्र पूर्वीइतकीच पातळ राहिली. भारतीय घरांत ‘पलंग फार कडक लागतो’ ही तक्रार जी ऐकू येते, तिचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. १९६० नंतर रबर लावलेल्या काथ्याची गादी लोकप्रिय झाली. पिळलेल्या काथ्यावर रबराचा चीक फवारून दाबाखाली व्हल्कनीकरण केलेली ही गादी हवा खेळती ठेवते, आकार सोडत नाही आणि दमट हवेत टिकते. परंतु ती टणक असते. प्लायवुडवर काथ्याची गादी अशी जोडणी झाली, की वरच्या मऊ थराची गरज पुन्हा उभी राहते (⟶ काथ्या).

नवी द्रव्ये : स्प्रिंगांची गादी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून पिशवीबंद स्प्रिंगा १९०० च्या सुमारास जेम्स मार्शल याने कॅनडात तयार केल्या. आस्तरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध रबरी फेसाचा होय. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या बर्मिंगहॅम येथील प्रयोगशाळेत ई. ए. मर्फी याने रबराचा चीक घुसळून त्याचा स्थिर फेस बनविला. हा फेस लगेच उसळी घेतो, दीर्घकाळ टिकतो, पण जड असतो. १९३७ मध्ये ओटो बायर याने जर्मनीत पॉलियुरेथेनाचा शोध लावला. त्यापासून बनविलेला मऊ फेस १९५० नंतर बाजारात आला व स्वस्तपणामुळे सर्वत्र पसरला. तो सहज पेट घेत असल्याने अमेरिकेत १९७३ मध्ये सिगारेटच्या निखाऱ्यापासून व २००७ मध्ये उघड्या ज्योतीपासून गादी सुरक्षित असावी, असे नियम लागू झाले.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी चार्ल्स योस्ट याने विमानाच्या आसनाकरिता सावकाश उसळणारा फेस तयार केला. तो शरीराच्या उष्णतेने मऊ होतो, दाबाप्रमाणे आकार घेतो व दाब निघाल्यावर हळूहळू पूर्ववत होतो; यावरून त्यास ‘मेमरी फोम’ हे नाव पडले. १९९१ मध्ये त्याच्या गाद्या स्वीडनमध्ये विकण्यास आल्या. एकविसाव्या शतकातील टॉपरचा व्यापार बराचसा याच द्रव्यावर उभा आहे.

वैद्यकीय विचार : अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत आस्तरण हा सुखाचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न असतो. हाडाच्या उंचवट्यावरील दाबामुळे रक्तपुरवठा थांबून त्वचा व मांस मरते आणि शय्याव्रण होतात. स्कॉटिश वैद्य नील आर्नट याने १८३० नंतरच्या दशकात यासाठीच पाण्यावर तरंगणारी शय्या बनविली. यूजीन लँडिस याने १९३० मध्ये केशवाहिनीच्या रोहिणीकडील टोकाशी पाऱ्याचा सु. ३२ मिमी. दाब मोजला; हा आकडा पुढे शय्याव्रणाच्या चर्चेत मर्यादा म्हणून वापरला गेला, जरी सर्व शरीराला व सर्व रुग्णांना तो सारखा लागू पडत नाही. लूटव्हिख गुटमान याने १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांची कूस दर दोन तासांनी बदलण्याची शिस्त घातली. वैद्यकीय प्रतीचे मेंढीचे केसाळ कातडे अंथरल्याने शय्याव्रणाचे प्रमाण घटते, असे चाचण्यांत आढळले आहे. परंतु कोणतेही आस्तरण कूस बदलण्याची जागा घेत नाही.

पाठदुखीच्या रुग्णास ‘फळीवर झोपा’ हा सल्ला विसाव्या शतकात डॉक्टर व वडीलधारी मंडळी एकमुखाने देत असत. त्याची मोठी तपासणी स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोव्हॅक्स व सहकारी यांनी कमरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने कडक किंवा मध्यम-कडक गाद्या दिल्या. कोणती गादी कोणास मिळाली, हे रुग्णांस व तपासणाऱ्यांस ठाऊक नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवरील रुग्णांची निजताना व उठताना होणारी वेदना आणि हालचालीतील अडचण अधिक कमी झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून फार मऊ गादी हितकर ठरत नाही. मात्र कठीणपणालाच गुण मानून वेदना सोशीत राहिलेल्या अनेकांचा तो सोसणे निष्कारण होता, असे म्हणावे लागते.

निवड : आस्तरण घेण्यापूर्वी खालची गादी तपासावी. ती कडक पण सपाट असेल, तरच वरच्या थराचा उपयोग होतो. मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर कितीही जाड थर घातला, तरी तो खड्ड्याचाच आकार घेतो. पाठीवर निजणाऱ्या सडपातळ व्यक्तीस ३ ते ५ सेंमी. जाडी पुरते, कुशीवर निजणाऱ्यास खांदा रुतण्याइतकी, म्हणजे ५ ते ८ सेंमी. लागते. पालथे निजणाऱ्याने जाड थर टाळावा, कारण त्याने कमरेचा बाक वाढतो. वजनदार व्यक्तीने जाडीपेक्षा घनता पाहावी. मेमरी फोम दर घन मीटरला ५० किग्रॅ. किंवा अधिक घनतेचा असल्यास टिकाऊ ठरतो. हलक्या घनतेचा कोणताही फेस काही महिन्यांत दबतो. दुकानात हाताने दाबून मऊपणा कळत नाही, कारण तळहाताला जे मऊ लागते, त्यातून नितंबाचा भार सरळ तळापर्यंत पोहोचतो. थोडा वेळ आडवे होऊन पाहणे हीच खरी कसोटी.

हवामान हा दुसरा निकष. मेमरी फोम उष्णता धरून ठेवतो. कोकण, गोवे वा मुंबई यांसारख्या दमट प्रदेशात त्यावर घाम येतो, तर कडक थंडीत तो ताठर बनतो. रबरी फेस तुलनेने थंड असतो, पण रबराची अधिहृषता (ॲलर्जी) असलेल्यांनी तो टाळावा. लोकर आपल्या वजनाच्या सु. तिसऱ्या हिश्श्याइतकी आर्द्रता ओली न लागता शोषते. पॉलिएस्टर तंतूचे थर स्वस्त व धुण्यास सोपे, परंतु अल्पायुषी असतात. कापसाची पातळ गादी उन्हात टाकण्याची सवय असणाऱ्या घरास आजही सर्वांत सोयीची होय. फेस मात्र प्रखर उन्हात ठेवल्यास पिवळा पडून ठिसूळ होतो, तेव्हा तो सावलीतच वाऱ्यावर ठेवावा. घरातील धुळीतील सूक्ष्म माइट हे दम्यास व अधिहृषतेस कारण होतात, हे फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये नेदर्लंड्समध्ये दाखविले. ओलसर, उबदार अंथरुणात ते वाढतात. म्हणून थर कोणताही असो, त्याला काढून गरम पाण्यात धुता येईल अशी खोळ असावी.

वृद्धांच्या बाबतीत पलंगाची एकूण उंचीही मोजावी. काठावर बसले असता पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ७–८ सेंमी.च्या थराने ते अधांतरी राहत असतील, तर रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो. तान्ह्या मुलाखाली असा मऊ थर घालू नये. पालथे झालेल्या बालकाचे नाकतोंड त्यात रुतून श्वास कोंडू शकतो. ब्रिटनमध्ये १९९१ व अमेरिकेत १९९४ पासून बालकांना उताणे आणि टणक, सपाट पृष्ठभागावर निजविण्याची मोहीम चालविण्यात आली व त्यानंतर आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. मऊ उशी, जाड दुपट्याच्या घड्या व मोठ्या माणसांचा टॉपर हे तिन्ही पहिल्या वर्षात वर्ज्य समजावेत.